आमच्या ड्रमसेटची जन्मतारीख

लोणावळ्यातल्या आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर एक ड्रमसेट आहे. एक मोठा बेस ड्रम, दोन टॉमटॉम, एक स्नेअर आणि कडेला तडा गेलेली एक झांज. पत्र्याची ट्रंक, पाणी तापवायचा बंब आणि लग्नातली पातेली यांच्यामध्ये तो कित्येक वर्षं पोत्यात गुंडाळून ठेवलेला होता. गावातल्या एका शाळेनं जुन्या लोणावळ्याचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि माझ्याकडे हा सेट मागितला. म्हणाले, "शेजारी एक चिठ्ठी लावायची आहे. वस्तू कुठली, केव्हाची, कुणाची, एवढ्या तीन ओळी लिहून द्या."

तीन ओळी लिहायला मला सव्वा वर्ष लागलं. त्याचीच ही हकिगत आहे.

आमच्या घरात या सेटची एक गोष्ट पक्की ठरलेली होती. वडील रेल्वेत कारकून होते. त्यांचा एक अँग्लो-इंडियन मित्र इंजिन ड्रायव्हर होता. तो कुटुंबासह कायमचा ऑस्ट्रेलियाला निघाला, तेव्हा जाताना त्यानं हा सेट वडिलांना भेट दिला. सेट विलायती, प्रीमिअर कंपनीचा, महायुद्धाच्या काळातला. मी ही गोष्ट शाळेत सांगितली, कॉलेजात सांगितली, पुढे माझ्या मुलांनाही सांगितली.

गोष्ट अगदी पटण्यासारखी होती. बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६ साली सुरू झालं आणि १८६३ साली घाट गाड्यांना खुला झाला. तेव्हापासून लोणावळा हे रेल्वेचं गाव. घाट चढवायला जादा इंजिनं लागत, इंजिनांबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर बंगले, चर्च, इन्स्टिट्यूट. नाताळात लाकडी जमिनीवर नाच व्हायचे. स्वातंत्र्यानंतरच्या वीस वर्षांत यातली बरीच कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला गेली. जाताना पियानो, कपाटं, खुर्च्या मागे राहिल्या. मग एखादा ड्रमसेट राहिला असेल, तर त्यात नवल कसलं?

आता ड्रमसेट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगायला हवं. लष्करी बँडात मोठा ढोल एकजण वाजवतो, छोटा ड्रम दुसरा आणि झांजा तिसरा. ही तीन माणसांची कामं एकाच बसलेल्या माणसाच्या हातापायांत आणली, की झाला ड्रमसेट. ते शक्य झालं पायाच्या पेडलमुळे. लुडविग नावाच्या अमेरिकन वादकानं १९०९ च्या सुमारास चटकन परतणारं पेडल बाजारात आणलं. डाव्या पायानं वाजवायची झांजांची जोडी १९२० च्या दशकात आली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन अ‍ॅबी यांचा अमेरिकन कृष्णवर्णीय वादकांचा जाझ बँड १९३५ साली आला. गोव्याच्या वादकांनी ही विद्या पाहता पाहता आत्मसात केली आणि हॉटेलांतून ती सिनेमाच्या स्टुडिओत नेली. सी. रामचंद्रांचं संगीत असलेला भगवानदादांचा 'अलबेला' १९५१ साली आला. त्यात चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. तिथून हा आवाज मराठी माणसाच्या घरातल्या रेडिओवर पोचला.

तर शाळेला द्यायची चिठ्ठी मी लिहून ठेवली होती: 'प्रीमिअर, इंग्लंड, सुमारे १९४२.' तेवढ्यात पुतण्यानं घोळ घातला. तो ड्रम वाजवतो. प्रदर्शनात सेट नीट दिसावा म्हणून त्यानं पुण्याहून बारा इंची आणि चौदा इंची नवी पानं आणली. दोन्ही पानं ड्रमवर चपखल बसली. पुतण्या म्हणाला, "काका, हा जुना प्रीमिअर नाही."

जुन्या प्रीमिअरची एक खोड आहे. लंडनमध्ये १९२२ साली सुरू झालेल्या या कंपनीचे ड्रम १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ठरलेल्या मापापेक्षा किंचित मोठे असत. बारा इंची म्हटलेला ड्रम बारा इंचांहून जरासा जास्त भरे, आणि आजचं पान त्यावर उतरत नाही. कंपनीनं आपली मापं जगाच्या मापांशी जुळवली ती त्यानंतर. म्हणजे युद्धकाळातल्या प्रीमिअरवर पुण्याच्या दुकानातलं पान मुकाट्यानं बसणं शक्यच नाही.

मला राग आला, हे कबूल करतो. आधी पुतण्याचा आणि मग पानांचा. पण संशय एकदा शिरला की निघत नाही. आम्ही सेट खाली आणला, अंगणात चादर पसरली आणि एकेक स्क्रू काढायला सुरुवात केली.

आमच्या मावळात भाजे लेणी आहेत, मळवली स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथल्या विहारात एक स्त्री ड्रमसारखी वाद्यं वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे, असं शिल्प आहे. अभ्यासक ते इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचं मानतात. त्या बाईच्या वाद्याची कुणी दुरुस्ती केली नाही, पान बदललं नाही, ते विकलं नाही. जे आहे ते दगडात आहे. ड्रमसेटचं तसं नसतं. त्याचा प्रत्येक भाग सुटा होतो, बदलतो, दुसऱ्या सेटवर जातो. म्हणून पहिला नियम असा, की जो भाग सहज बदलता येतो त्याची साक्ष कच्ची आणि जो बदलता येत नाही त्याची पक्की.

सगळ्यात कच्ची साक्ष पानाची. पूर्वी पान वासराच्या कातड्याचं असे. पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मचं पान अमेरिकेत १९५७ च्या सुमारास विक्रीला आलं. पण जुन्या ड्रमवर नवं पान कुणीही चढवतो, आणि लोणावळ्यात तर चढवावंच लागतं. इथल्या पावसात कातडं असं सैल पडतं, की मावळातल्या हलगीवाल्याला शेकोटीशिवाय हलगी वाजवता येत नाही. तेव्हा प्लास्टिकचं पान दिसलं म्हणून ड्रम १९५७ नंतरचा, असं म्हणता येत नाही.

दुसरी कच्ची साक्ष नावाच्या पट्टीची. हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल, मलाही वाटलं. आमच्या सेटवर पितळी पट्टी होती, तिच्यावरचं नाव घासून गेलेलं होतं आणि मुकुटासारखं काहीतरी उरलं होतं. आम्ही तो मुकुट इंग्लंडच्या राणीचा मानत आलो. पण स्वस्त सेटांच्या बाबतीत पट्टीवरचं नाव बहुधा कारखान्याचं नसतं, माल मागवणाऱ्या व्यापाऱ्याचं असतं. एकाच कारखान्यातून निघालेले एकाच साच्याचे ड्रम एका शहरात एका नावानं विकले जात आणि दुसऱ्या शहरात दुसऱ्या. आपल्याकडे एकाच गिरणीचं कापड वेगवेगळ्या शिक्क्यांनी विकत, त्यातलाच प्रकार.

पक्की साक्ष आहे ड्रमच्या अंगाची, म्हणजे लाकडी गोलाची. पान काढून आत बॅटरी मारली, तर लाकूड बोलायला लागतं. प्रीमिअरचा गोल बर्च लाकडाच्या थरांचा, आतून बीच लाकडाच्या कड्यांनी भक्कम केलेला. आमच्या ड्रमचं लाकूड तांबूस, हलकं आणि भरड रेषांचं निघालं. गावातल्या एका जुन्या सुतारानं नखानं खरवडून पाहिलं आणि म्हणाला, "हे बाहेरचं हलकं लाकूड आहे, प्लायवूडच्या पोटात घालतात तसलं." ते होतं लुआन, ज्याला व्यापारात फिलिपिन्सची महोगनी म्हणतात. तीन पातळ थर आणि वर-खाली एकेक लाकडी कडं. साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी ड्रमची ही ठरलेली बांधणी.

मग रंग. आमचा सेट हिरवा चमचमता, असं आम्ही म्हणत आलो. टॉमटॉमचा कंस सोडवला, तर त्याच्या खाली झाकलेला तुकडा लख्ख निळा होता. वरचं प्लास्टिकचं आवरण उन्हानं आणि काळानं पिवळं पडतं आणि पिवळ्याखाली निळा रंग हिरवा दिसतो. झाकलेल्या जागा नेहमी खरं सांगतात. बेस ड्रमच्या आतल्या बाजूला एक फिकट शिक्का सापडला: 'जपान' एवढंच वाचता आलं. 'ऑक्युपाइड जपान' असतं, तर माल अमेरिकन ताब्याच्या काळातला, म्हणजे १९५२ च्या आधीचा ठरला असता. तसं नव्हतं.

जपानचा हा धंदा कसा वाढला, तेही पाहण्यासारखं आहे. पर्ल ही कंपनी १९४६ साली संगीताच्या कागदांचे स्टँड बनवत सुरू झाली आणि १९५० च्या सुमारास ड्रमकडे वळली. चिबा इथं १९६१ साली तिनं कारखाना काढला, तो मुख्यतः तीसहून जास्त व्यापाऱ्यांच्या नावानं स्वस्त सेट बनवण्यासाठी. होशिनो कंपनीनं १९६२ साली 'स्टार' ड्रम सुरू केले, तेच पुढे १९७४ पासून 'टामा' झाले. मग ९ फेब्रुवारी १९६४ च्या रात्री बीटल्स अमेरिकेच्या टेलिव्हिजनवर दिसले आणि जगभरच्या पोरांना रिंगोसारखा सेट हवासा झाला. रिंगोचा लुडविग परवडणारा नव्हता. जपाननं त्याच्यासारखा दिसणारा, चमचमता आणि खिशाला झेपणारा सेट दिला. आमचा सेट त्यांतलाच. आम्ही त्याचा काळ ठरवला १९६४ ते १९६७.

म्हणजे युद्धाचा संबंध संपला आणि प्रीमिअरचाही. पण भेटीची गोष्ट अजून खोटी ठरत नव्हती, कारण वस्तूचं वय तिचा मालक सांगत नाही. तो ड्रायव्हर मित्र १९६७ साली गेला, हे मला रेल्वेतल्या जुन्या मंडळींकडून कळलं. तेव्हा सेट जवळजवळ कोरा असणार. आयात मालावर १९५७ च्या परकीय चलनाच्या टंचाईपासून कडक बंधनं होती. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि पावणेपाच रुपयांचा डॉलर साडेसातला गेला. अशा दिवसांत, परदेशी जाण्यासाठी पै-पै जमवणारा माणूस कोरा सेट फुकट देऊन जाईल?

तळेगावला माझी आत्या असते, नव्वदीला टेकलेली. तिला मी सरळ विचारलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझ्या आईच्या पाटल्या गेल्या त्यात."

वडील त्या वेळी मित्रांच्या ऑर्केस्ट्रात भाड्याच्या ड्रमवर वाजवत. 'तीसरी मंझिल' १९६६ साली आला, त्यात शम्मी कपूर हॉटेलातला ड्रमवादक आहे. तेव्हापासून गणेशोत्सवात ज्या ऑर्केस्ट्राकडे ड्रम नाही त्याला सुपारी मिळेना. ड्रायव्हर मित्रानं मुंबईतून घेतलेला सेट विकायला काढला होता. आईनं पाटल्या काढून दिल्या. आजोबांना हे कळतं, तर घरात राहणं मुश्कील झालं असतं. म्हणून विकत घेतलेला सेट भेटीचा झाला, आणि आजोबांना वचक बसावा म्हणून विलायतीही झाला. आजोबा गेले, पण गोष्ट राहिली. वडिलांना तिची सवय झाली असावी. आईनं ती कधी खोडली नाही.

मी घरी येऊन फोटोंची पेटी उघडली. १९६२ सालच्या लग्नाच्या फोटोत आईच्या दोन्ही हातांत पाटल्या आहेत. १९६८ साली माझ्या धाकट्या भावाचं बारसं झालं, त्या फोटोत फक्त काचेच्या बांगड्या. हे दोन्ही फोटो मी शंभर वेळा पाहिले होते.

त्या सेटवर वडील पंधरा वर्षं गणपतीत, नवरात्रात, लग्नांत वाजवत होते. आमच्या शाळेच्या फिया त्यातूनच गेल्या. तेव्हा ते भांडवल आईचं होतं आणि श्रेय आम्ही एका गोऱ्या साहेबाच्या उदारपणाला देत आलो. आई आता नाही. तिला विचारता आलं नाही, आणि माफीही मागता आली नाही.

तुमच्याही माळ्यावर एखादा जुना ड्रम, पेटी, बुलबुलतरंग असेल. तो घासून चकचकीत करू नका, शिक्के आणि झाकलेले रंग त्यातच जातात. सुटे स्क्रू टाकून देऊ नका. खोलताना प्रत्येक भागाचा फोटो काढा. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच्या आज विचारा, की हे घ्यायला पैसे कुठून आले होते. लाकूड वय सांगतं, पण हा हिशेब सांगत नाही.

प्रदर्शनात सेट लागला. निळा तुकडा दिसावा म्हणून कंस सोडवलेलाच ठेवला. चिठ्ठीवर मी लिहिलं: 'ड्रमसेट, जपान, सुमारे १९६५. लोणावळ्यात १९६७ साली विकत घेतला.' आणि तिसऱ्या ओळीत, 'मालक' या शब्दापुढे, आईचं नाव.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)