हलणाऱ्या तक्त्याची कुळकथा

१९०१ साली हिंदुस्थानची जनगणना झाली तेव्हा देशाची लोकसंख्या २९ कोटींच्या वर होती. गणकांनी घरोघर फिरून भरलेली पत्रके जमा झाली आणि त्यांतून तक्ते काढायची वेळ आली. आधीच्या खेपांना कारकून पत्रक वाचत वाचत मोठ्या कागदावर खुणेच्या रेघा ओढत आणि शेवटी त्या रेघा मोजत. जनगणना आयुक्त एच. एच. रिस्ले यांच्या कारकिर्दीत बव्हेरियात वापरलेली निराळी पद्धत इथे आली. पत्रकावरची प्रत्येक माणसाची माहिती एका सुट्या चिठ्ठीवर उतरवायची. एक माणूस, एक चिठ्ठी. वयाप्रमाणे तक्ता हवा असेल तर चिठ्ठ्या वयोगटांच्या खणांत टाकायच्या आणि खण मोजायचे. व्यवसायाप्रमाणे हवा असेल तर त्याच चिठ्ठ्या पुन्हा एकत्र करून व्यवसायांच्या खणांत वाटायच्या.

रेघांच्या कागदावर हे शक्य नव्हते. तिथे रेघ ओढली की माणूस त्या रकान्यात कायमचा अडकला; नवा प्रश्न पडला तर पत्रकाच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात. चिठ्ठीमुळे नोंद आणि तिची मांडणी या दोन गोष्टी सुट्या झाल्या. आज आपण एक्सेलसारख्या स्प्रेडशीटमधल्या पिव्होट टेबलमध्ये, म्हणजे नोंदींवरून उभ्या केलेल्या फिरत्या तक्त्यात, एखादे फील्ड ओळींतून उचलून रकान्यांत सोडतो, तेव्हा आत घडते ते हेच. म्हणून पिव्होट टेबलचे कूळ शोधताना बेरजेपेक्षा या फेरमांडणीचा माग काढावा लागतो.

अमेरिकेने याच कामाला यंत्र लावले होते. १८८० च्या तिथल्या जनगणनेचे तक्ते पुरे व्हायला कित्येक वर्षे गेली. १८९० च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ यांनी माणसागणिक एक कार्ड ठेवले आणि माहिती भोकांनी नोंदवली. भोकातून तारेचा स्पर्श झाला की विजेने तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. कोणती भोके कोणत्या तबकडीला जोडायची हे तारांची जोडणी बदलून ठरवता येई. म्हणजे प्रश्न बदलायला आता लाखो कागद हाताने निवडायची गरज उरली नाही, तरी कार्डांचा ढीग पुन्हा यंत्रातून काढावाच लागे. हॉलेरिथ यांनी १८९६ मध्ये काढलेली कंपनी १९११ च्या विलीनीकरणात गेली आणि त्या नव्या कंपनीचे नाव १९२४ मध्ये आयबीएम झाले. या नावाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आपल्या पेढ्यांवरही नोंद आणि मांडणी यांतला हा भेद पक्का रुजलेला होता. रोजकीर्दीत व्यवहार घडला त्या क्रमाने लिहायचा आणि खतावणीत तो ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडायचा. कीर्द हा मूळ पुरावा आणि खतावणी ही तिच्यातून निघालेली मांडणी, हे दिवाणजीला कोणी वेगळे शिकवावे लागत नसे. मर्यादा एवढीच, की खतावणीला खाते हा एकच आस होता. तोच पैसा गावाप्रमाणे, मालाप्रमाणे किंवा महिन्याप्रमाणे पाहायचा म्हटले की रात्र जागवून नवे कागद करावे लागत.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल २ साठी व्हिजिकॅल्क आणले आणि कागदी ताळेबंद पडद्यावर आला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे आपोआप बदलू लागले. १९८३ मध्ये आयबीएम पीसीवर आलेल्या लोटस १-२-३ ने ठिकठिकाणच्या कचेऱ्या काबीज केल्या. मात्र या दोन्ही स्प्रेडशीटांत आकड्याची ओळख म्हणजे त्याचा पत्ता: बी रकाना, सातवी ओळ. सी ४ वजा डी ४ असे सूत्र वाचून ते विक्रीतून खर्च वजा करते आहे हे कोणाला कळावे? आणि महिने उभे होते ते आडवे करायचे ठरले तर पत्ते बदलत, सूत्रे बिघडत आणि सबंध शीट नव्याने बांधावी लागे. आकडे हलके झाले होते, मांडणी जडच राहिली होती.

ही जडता ज्याने नीट ओळखली तो माणूस म्हणजे पिटो सालास. लोटसच्या संशोधन विभागात १९८६ च्या सुमारास त्यांनी लोकांच्या शीट बारकाईने पाहिल्या. त्यांत तेच तेच आकृतिबंध पुन्हा पुन्हा दिसत होते: महिने, प्रदेश, वस्तू आणि त्यांच्या बेरजा. वापरणाऱ्याच्या डोक्यात हे वर्ग स्पष्ट असत, पण शीटला त्यांचा पत्ताच नसे. हे वर्गच प्रोग्रॅमला सांगितले तर? या विचारातून लोटस इम्प्रूव्ह उभे राहिले. त्यात माहिती, तिची दृश्ये आणि सूत्रे या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. 'नफा = विक्री − खर्च' असे सूत्र नावांनिशी, शीटच्या खाली वेगळ्या जागी लिहिता येई. प्रत्येक वर्गाची एक लहानशी पट्टी तक्त्याच्या कडेला असे. ती माउसने उचलून उभ्या कडेवरून आडव्या कडेवर नेली की सगळा तक्ता क्षणात फिरे आणि एकही सूत्र बिघडत नसे.

१९८८ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी हे काम पाहिले आणि ते आपल्या नेक्स्ट संगणकासाठी हवे असा आग्रह धरला. १९९१ मध्ये इम्प्रूव्ह नेक्स्टवर आले आणि पाहणारे थक्क झाले. पण नेक्स्टची यंत्रेच फारशी खपली नाहीत. १९९३ मध्ये विंडोजसाठी आवृत्ती निघाली तेव्हा तिला लोटसच्याच १-२-३ च्या सावलीत उभे राहावे लागले. शिवाय इम्प्रूव्हमध्ये आधी वर्ग ठरवा आणि मग आकडे भरा अशी शिस्त होती. मोकळ्या शीटवर कुठेही काहीही लिहायची सवय लागलेल्या लोकांना ती जाचक वाटली. काही वर्षांतच इम्प्रूव्ह बंद पडले. १९९५ मध्ये लोटस कंपनीच आयबीएमने विकत घेतली. हॉलेरिथच्या कार्डांचा वारसा आणि सालास यांच्या पट्ट्यांचा वारसा असे एका छपराखाली आले, तोवर दुसरी पाती मात्र मिटली होती.

कल्पना मिटली नाही, कारण ती इतरत्र रुजली होती. ब्रिओ या कंपनीने १९९२ मध्ये मॅकिंटॉशसाठी डेटापिव्होट काढले आणि बोरलँडने ते तंत्र घेऊन आपल्या क्वात्रो प्रो या स्प्रेडशीटमध्ये आणले. मायक्रोसॉफ्टने एक्सेल ५ मध्ये पिव्होट टेबल दिले. इथे एक फार शहाणपणाची तडजोड झाली. मोकळी शीट तशीच मोकळी ठेवली. तिच्यातल्या नोंदींवर फिरणारा तक्ता हवा असेल त्याने तो शेजारी उभा करावा. शिस्त लागली ती फक्त तक्त्याला. सालास यांची कल्पना जगभर पोहोचली ती या वाटेने, आणि त्यांना पिव्होट टेबलचे जनक म्हणतात ते रास्तच आहे.

एक शीट समोर ठेवून पाहू. रकाने पाच: तारीख, बाजार समिती, कांद्याची जात, आवक क्विंटलमध्ये आणि रक्कम रुपयांत. ओळी हजारो, लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, चाकण. पिव्होट टेबल उघडले की उजवीकडे फील्डची यादी आणि चार चौकटी दिसतात: गाळणी, रकाने, ओळी आणि मूल्ये. बाजार समिती ओळींत, तारीख रकान्यांत महिन्यांच्या गटाने, आवक मूल्यांत. झाला तक्ता. आता महिना ओळींत ओढा आणि बाजार समिती रकान्यांत न्या. लक्ष बाजारांच्या तुलनेवरून हंगामाच्या चढउतारावर जाते. दोन्ही ओळींतच ठेवून वरचा खाली केला तर 'लासलगावात कोणते महिने' हा प्रश्न 'नोव्हेंबरात कोणते बाजार' असा होतो. एका चौकटीतल्या फील्डचा क्रम बदलणे म्हणजे वाक्याचा कर्ता बदलणे.

बाजारांची नावे अकारविल्हे लागतात आणि आपल्याला लासलगाव सर्वांत वर हवे असते. वरच्या नावाच्या खान्यात नुसते 'लासलगाव' असे टंकले की ती सबंध ओळ आपल्या आकड्यांसह वर सरकते. २००७ च्या एक्सेलपासून चार चौकटींची ही रचना आली. त्याआधी फील्डची बटणे थेट शीटवर ओढत. जुन्या हातांना तीच पद्धत हवी असेल तर पिव्होट टेबलच्या पर्यायांत ती सोय अजून ठेवलेली आहे.

फेरमांडणी सोपी झाली तरी प्रश्न नीट विचारावाच लागतो. समजा, एके दिवशी १०० क्विंटल कांदा २,००० रुपये भावाने गेला आणि दुसऱ्या दिवशी ९०० क्विंटल १,००० रुपयांनी. शीटमध्ये भावाचा रकाना असेल आणि आपण त्याची सरासरी मागितली, तर पिव्होट टेबल १,५०० सांगेल. शेतकऱ्यांच्या हाती पडलेला भाव तेवढा नाही. एकूण रक्कम ११ लाख, एकूण माल १,००० क्विंटल, म्हणजे भाव १,१००. त्यासाठी कॅल्क्युलेटेड फील्ड करून त्यात रकमेला आवकेने भागायचे. हे फील्ड आधी दोन्हींच्या बेरजा करते आणि मग भागाकार, त्यामुळे तक्ता कसाही फिरवला, बाजाराप्रमाणे, महिन्याप्रमाणे किंवा जातीप्रमाणे, तरी प्रत्येक खान्यात खरा भाव येतो. सूत्र पत्त्यांना न बांधता वर्गांच्या नावांना बांधायचे, ही सालास यांची शिकवण इथे रोजच्या कामात उतरलेली दिसते.

तक्त्यातल्या बेरजेच्या आकड्यावर जाऊन दुसरा आकडा लिहायचा प्रयत्न केला तर एक्सेल नकार देते. अनेकांना हा हट्ट वाटतो, पण त्यात मोठा न्याय आहे. आकडा चुकीचा असेल तर मूळ ओळीत जाऊन दुरुस्त करा. कीर्द सोडून खतावणीत खाडाखोड चालत नाही. मूळ ओळी शोधायची वाटही तिथेच आहे. बेरजेवर दोनदा क्लिक केले की ती ज्या नोंदींतून झाली त्या सगळ्या नव्या शीटवर येतात. मूळ ओळ दुरुस्त केल्यावर मात्र रिफ्रेश करायला विसरायचे नाही, कारण तक्ता मूळ शीटकडे सतत पाहत नसतो. त्याने नोंदींची एक प्रत स्वतःपाशी साठवलेली असते.

या साठवलेल्या प्रतीनेच २०१२ मध्ये लंडनच्या इझलिंग्टन कौन्सिलला अडचणीत आणले. माहिती अधिकाराच्या एका अर्जाला उत्तर म्हणून कौन्सिलने तक्ते पाठवले. वरवर त्यांत फक्त बेरजा होत्या. पिव्होट टेबलांच्या पोटात मात्र २,००० हून जास्त रहिवाशांची खासगी माहिती तशीच होती आणि ती एका संकेतस्थळावर प्रसिद्ध झाली. पुढच्या वर्षी कौन्सिलला ७०,००० पौंडांचा दंड झाला. पगारपत्रकाचा किंवा रुग्णांचा पिव्होट टेबल बाहेर पाठवायचा असेल तर तो नुसती मूल्ये म्हणून नव्या फाइलमध्ये चिकटवूनच पाठवावा.

इतक्या पिढ्यांचे हे कूळ पाहिल्यावर एक गोष्ट मनात ठसते. तक्त्याचे रकाने जो ठरवतो तोच प्रश्न ठरवतो. १९०१ मध्ये तो अधिकार आयुक्तांच्या कचेरीत होता, कारण चिठ्ठ्या पुन्हा वाटायला माणसांच्या फौजा लागत. आज तालुक्याच्या गावातला शिक्षक, सोसायटीची सचिव, गटविकास कार्यालयातला कनिष्ठ लिपिक हे सगळे पाच मिनिटांत नवा प्रश्न विचारू शकतात. त्यांच्या हाती येणारी सरकारी माहिती मात्र अजून पुष्कळदा पीडीएफमधल्या गोठलेल्या तक्त्यांच्या रूपात येते: जिल्हे उभे, वर्षे आडवी, खाली बेरीज. त्या तक्त्यात दुसऱ्याने आधीच विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असते. आपला प्रश्न त्याला विचारता येत नाही. म्हणून पाऊसमान असो, शाळांची पटसंख्या असो की बाजारभाव, मागताना तयार तक्त्यावर समाधान मानू नये. व्यक्तीची ओळख काढून टाकलेल्या सुट्या ओळी मागाव्यात, एका ओळीत एक नोंद, एका रकान्यात एकच गोष्ट. मांडणी आपली आपण करू आणि उद्या नवा प्रश्न पडला की ती पुन्हा बदलू.