शिशाच्या पट्टीचे गोत्र

जुन्या वाड्यातल्या लाकडी महिरपीचा तुकडा वाळवीने खाल्ला की सुतार पेचात पडतो. गुण्या काटकोनाचा, परकार गोलाचा. हातकोरीव महिरप दोघांनाही दाद देत नाही. शाबूत बाजू कागदावर उतरवून कागद उलटा करावा, तर जुन्या कामाच्या दोन्ही बाजू कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ढोकीत एका सुताराने यावर रेडिओ दुरुस्तीची सोल्डरची तार काढली, लाकडाच्या कडेने बोटांनी दाबत नेली, अलगद उचलून नव्या फळीवर ठेवली आणि पेन्सिल फिरवली. सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे. मला ॲरिस्टॉटल आठवला.

हसू नका. ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या ५व्या भागात त्याने लेस्बॉस बेटावरच्या बांधकामातल्या शिशाच्या पट्टीचा दाखला दिला आहे. कायदा सरसकट, प्रसंग वेडेवाकडे. म्हणून न्यायाने दगडाच्या आकाराप्रमाणे वळणाऱ्या त्या पट्टीसारखे असावे, असे त्याचे म्हणणे.

पण पट्टी होती कशासाठी? एक पक्ष म्हणतो, लेस्बॉसच्या दुहेरी वळणाच्या नक्षीपट्ट्यांसाठी. दुसरा म्हणतो, वाकड्या सांध्यांच्या दगडी भिंतींसाठी: खालच्या दगडाची कड पट्टीवर घ्यायची आणि वरचा दगड त्याबरहुकूम घडवायचा. मी दुसऱ्या पक्षाचा. नक्षीपट्टी लांबच लांब एकसारखी काढायची असते. तिला कडक फर्माच बरा. मऊ धातू लागतो तो एकदाच येणाऱ्या आकाराला. शिवाय ॲरिस्टॉटल स्वतः दगड म्हणतो, नक्षी नव्हे.

आणि शिसेच का? बांबूची कामटी किंवा पितळी तार सोडली की मागे उसळते. शिसे वळवाल तसे पडून राहते. जुन्या लाकडाला टेकलेली कडच तेवढी आखायची, नाहीतर तारेच्या जाडीइतका फरक पडतो. ड्रॉइंगच्या दुकानातल्या रबरी वाकत्या पट्टीच्या पोटातही बहुधा शिसेच असते. आकार टिपणारी सुयांची कंगवी हल्ली मिळते, ती वेगळ्या घराण्यातली.

आता माझा लाडका तर्क. ढोकीजवळचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारवर्णनातले तगर, हे संशोधक फ्लीटने १९०१ मध्ये मांडले. तगरचा माल भडोचला जाई, आणि भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे-कथलाबरोबर शिसेही आहे. सातवाहनांनी तर शिशाची नाणीच पाडली. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा जुना विटांचा भाग पाहा: लाकडी छपराचे वळण तिथे विटेत उतरले आहे. कशाच्या आधाराने? प्रतिपक्ष म्हणेल, खुंटी आणि दोरी. देवळाच्या पाठीमागच्या अर्धगोलाला दोरी पुरते, मान्य. पण घोड्याच्या नालासारखी चैत्यकमान वर चोच काढते आणि पायाशी आत वळते. ती एका खुंटीत मावत नाही. तीन खुंट्यांत मावेल, पण त्या ठोकायच्या कुठे हे ठरवायला आधी वळण हाती हवे, आणि ते शिशाची पट्टी देते.

भडोचचे शिसे पहिल्या शतकातले, देऊळ त्यानंतरचे. मधला काळ मी सुतारांच्या हवाली करतो. तिथल्याच उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट पाहिलेल्याला तेरच्या सुतारांची ओळख करून द्यावी लागत नाही. तशी पट्टी दाखवा म्हणाल, तर ती मिळणार कशी? काम उरकले की शिसे वितळवून दुसऱ्या कामाला घेतात.