चढाचं इंजिन

सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळ, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी माझ्या मामांची चहाची टपरी होती. सुट्टीत मी तिथेच असे. चढाला लागण्याआधी ट्रकवाले चहाला थांबत आणि निघताना पहिल्या गिअरमध्ये गाडी टाकली की काळ्या धुराचा लोट टपरीवरून जाई. मामी दर दिवाळीला भिंतीला चुना देई. संक्रांतीपर्यंत भिंत पुन्हा काळी झालेली असे. जास्त ओझं म्हणजे जास्त धूर, हे समीकरण माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं झालं.

ते मोडलं गेल्या वर्षी, मुलीकडे अमेरिकेत गेलो तेव्हा. डेन्व्हरहून पश्चिमेला जाणारा महामार्ग आयसेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे 3,400 मीटर उंची गाठतो. त्या चढावर आमच्या पुढे एक डिझेल पिकअप घोड्यांचा ट्रेलर ओढत चालला होता. वेग कमी होत नव्हता, आणि धुराचा मागमूस नव्हता. हे कसं घडलं, याचा शोध घेताना जो इतिहास हाती लागला, तो इथे मांडतो आहे.

ट्रेलर ओढायला लागते ती कमी फेऱ्यांवर मिळणारी पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क. अश्वशक्ती सपाट रस्त्यावर वेग देते. चढावर टॉर्क उपयोगी पडतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्याच उष्णतेने इंधन पेटतं. हा दाब सोसायला ठोकळा जाड आणि बोल्ट मजबूत लागतात. अमेरिकेला हा धडा महागात पडला. 1978 साली जनरल मोटर्सने ओल्ड्समोबाइल गाड्यांसाठी 5.7 लिटरचं डिझेल इंजिन आणलं. त्याची ठेवण पेट्रोल इंजिनावरून घेतलेली होती, आणि हेडचे बोल्ट डिझेलचा दाब पेलू शकले नाहीत. गॅस्केटं फुटली, ग्राहक चिडले, आणि डिझेल या शब्दाचीच पत गेली.

1982 साली त्याच कंपनीने पिकअपसाठी 6.2 लिटरचं वेगळं डिझेल इंजिन दिलं. ते 130 अश्वशक्तीचं होतं आणि टॉर्क जेमतेम 325 न्यूटन-मीटर. इंधन वाचे, पण ओझं लावलं की दम लागे. त्याला टर्बो नव्हता, आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये न जाता शेजारच्या छोट्या कप्प्यात पेटे. ज्वाला अरुंद वाटेने बाहेर येताना बरीच उष्णता भिंतींना देऊन बसे. आवाज कमी होई, पण ताकदही वाया जाई.

खरं वळण आलं ते शेताच्या बांधावरून. इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या कमिन्स कंपनीने ट्रॅक्टर बनवणाऱ्या जे. आय. केसबरोबर भागीदारी करून बी-मालिकेची इंजिनं तयार केली. शेतीची आणि बांधकामाची यंत्रं हे त्यांचं मूळ घर. 1989 साली त्यांतलं 5.9 लिटरचं इंजिन डॉजच्या पिकअपमध्ये बसलं. अश्वशक्ती 160, म्हणजे डोळ्यांत भरेल अशी नाहीच. पण टॉर्क 542 न्यूटन-मीटर, आणि तोही 1,700 फेऱ्यांना. एका रांगेत सहा सिलिंडर, 102 मिलिमीटर व्यास आणि 120 मिलिमीटरची लांब धाव, बिडाचा ठोकळा, इंधन थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या खळग्यात, आणि हवा कोंबायला टर्बो. डोंगरावर हवा विरळ होते तिथे या टर्बोचं मोल अधिकच. यातली एकही कल्पना नवी नव्हती. मोठ्या ट्रकमध्ये ती जुनीच होती. नवं होतं ते शेतकऱ्याच्या, घोडेवाल्याच्या रोजच्या गाडीत ती आणणं.

पुढची लढाई इंधनाच्या फवाऱ्याची. धूर म्हणजे नीट न जळलेलं इंधन, म्हणजेच कामी न आलेली ताकद. थेंब जितका बारीक, तितकं ज्वलन पुरं. 2001 साली जनरल मोटर्सने इसुझुबरोबर बनवलेल्या ड्युरामॅक्स इंजिनात कॉमन रेल पद्धत आली: सुमारे 1,600 बार दाबाचं इंधन एका नळीत सदैव तयार, आणि केव्हा किती सोडायचं ते संगणक ठरवणार. मुख्य फवाऱ्याआधी एक छोटा फवारा सोडला की डिझेलची ती कर्कश खडखडही मवाळ होते. 2003 पासून कमिन्सनेही हीच वाट धरली.

उतरणीचा विचारही झाला. चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे आमच्या घाटातल्या ड्रायव्हरांचं शहाणपण. पण पेट्रोल इंजिनासारखी हवा अडवणारी झडप डिझेलमध्ये त्या कामाची नसते, म्हणून गिअर लावूनही इंजिन गाडीला पुरेसं रोखत नाही. 2007 साली आलेल्या 6.7 लिटरच्या इंजिनात टर्बोची वाटच अरुंद करून धूर कोंडायची आणि त्याचा ब्रेक करायची सोय झाली. 2019 साली त्याच घराण्यातलं इंजिन 1,356 न्यूटन-मीटरवर पोहोचलं. तीस वर्षांत अडीच पट.

या घराण्याशी आपलं नातं परकं नाही. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स 1962 साली उभी राहिली, आणि 1993 साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्सने बी-मालिकेची इंजिनं जमशेदपूरला बनवून आपल्या ट्रकमध्ये घातली. पुढे याच सातारा जिल्ह्यात, फलटणलाही कारखाना झाला.

इथवर वाचून मी सुखावलो होतो: ताकद वाढली, धूर गेला. पण गोष्ट एवढी सरळ नाही. ज्वलन जितकं तापतं, तितकी हवेतल्या नायट्रोजनची ऑक्साइडं अधिक तयार होतात. ती विषारी असतात, पण काजळीसारखी भिंतीवर बसून चुगली करत नाहीत. त्यांना आवरायला युरियाचं द्रावण फवारणारी यंत्रणा 2013 पासून रॅम पिकअपमध्ये आली. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकी सरकारने जाहीर केलं, की 2013 ते 2019 मॉडेलच्या सुमारे 6 लाख 30 हजार रॅम पिकअपांच्या इंजिनांत प्रदूषण-नियंत्रण निकामी करणारी सोय होती. कमिन्सने चूक कबूल केली नाही, पण 1.675 अब्ज डॉलरचा दंड भरायला संमती दिली. तिथल्या स्वच्छ हवा कायद्याखालचा तो तोवरचा सर्वांत मोठा दंड.

मामा आता नाहीत. शेवटची काही वर्षं त्यांना दम्याने ग्रासलं होतं. त्यांची भिंत निदान खरं बोलत होती. आज तिथे टपरी असती तर चुना बराच काळ पांढरा राहिला असता, आणि त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहून मी हवा स्वच्छ आहे असं मानलं असतं. इंजिन किती ओढतं हे चढ सांगतो. मागे काय सोडतं हे मात्र आता डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावं लागतं, आणि मोजणाऱ्यावरही लक्ष ठेवावं लागतं.