गुरुगृहापासून घरच्या रियाजापर्यंत

ग्रंथालयाच्या शताब्दी ग्रंथात वाद्यशिक्षणाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु मुलांचा घरचा रियाज आणि छापील पुस्तक यांचे नाते आपल्या ग्वाल्हेरात जुने आहे.

गुरुकुल पद्धतीत ‘घरचा सराव’ असा वेगळा प्रकार नव्हताच. शिष्य गुरुगृहीच राही आणि चुकलेला स्वर तत्काळ गुरूच्या कानी पडे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली निघाली. १९०१ मध्ये पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. पुढे १९१८ साली माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने व पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. राजाभैया पूछवाले आदी मंडळी त्यापूर्वीच मुंबईस जाऊन भातखंड्यांकडून स्वरलेखन शिकून आली होती. या शाळांमुळे संगीत सामान्य घरांतील मुलांच्या आवाक्यात आले. मात्र तास संपला की मूल घरी परते, आणि त्याला सावरण्याचे काम आईवडिलांकडे आले.

ते त्यांना काही अंशी तरी जमले, ते स्वरलिपीमुळे. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते आणि तीव्र मध्यमावर उभी. मंद्र सप्तकाचा बिंदू स्वराखाली, तार सप्तकाचा स्वरावर. एवढी ओळख झाली की स्वतः न वाजवणाराही पुस्तक पुढे ठेवून मुलाची चूक दाखवू शके. भातखंड्यांची ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मुळात मराठीत असल्याने भाषेची अडचणही नव्हती.

माझ्या आईस पेटी वाजवता येत नसे. ताल मात्र येई. त्रितालाच्या सोळा मात्रांत पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर खाली, एवढ्या भांडवलावर ती पोळ्या लाटता लाटता ‘सम गेली रे’ म्हणून सांगे. मग ठाय लयीत पुन्हा आरंभ. वडील पुस्तक घेऊन शेजारी बसत, तेव्हा माझी बोटे अधिकच अडखळत. आईने एकदाच त्यांना सुचवले, ‘आधी ऐका, मग बोला.’ त्या दिवसापासून पेटीची मला भीती वाटेनाशी झाली.

तथापि पुस्तकास मर्यादा होतीच. दरबारी कानड्यातील गांधाराचे आंदोलन कोणत्याही रेघेत मावत नाही, आणि पेटीतून मींड निघत नाही. याच स्वरूपाच्या आक्षेपांमुळे १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती पुढे अनेक वर्षांनी शिथिल झाली. घरोघरची पेटी मात्र त्या काळातही वाजतच राहिली.

म्हणूनच गुरू, पुस्तक आणि घर या तिघांची कामे वेगळी आहेत असे वाटते. स्वराची वाट गुरू दाखवतो, पुस्तक ती स्मरणात ठेवते, आणि त्या वाटेवर रोज चालण्याचे धैर्य घर देते. पहिल्या दोहोंची नोंद इतिहासात झाली आहे. तिसऱ्याची कोठेच नाही. ती येथे व्हावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.