सोडियम स्वस्त, पण सोबतचा धातू?

मीठ मुबलक आहे, म्हणून सोडियम-आयन बॅटरी स्वस्त होईल, असे अनुमान वारंवार वाचनात येते. ते अपुरे आहे. बॅटरीच्या खर्चात धन इलेक्ट्रोडच्या पदार्थाचा वाटा मोठा असतो आणि त्या पदार्थाची किंमत सोडियमच्या जोडीला कोणता धातू बसवला यावर ठरते. फॉस्फेट पदार्थांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा बराचसा त्या धातूच्या शोधाचा इतिहास आहे.

१९७६ मध्ये अमेरिकेत हेन्री हाँग आणि जॉन गुडइनफ यांनी ‘नॅसिकॉन’ ही स्फटिकरचना मांडली. तिच्यातील प्रशस्त मार्गांतून सोडियमचे आयन सहज वाहत. १९८७ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्दो येथे क्लोद देल्मास व सहकाऱ्यांनी याच रचनेच्या टायटॅनियम फॉस्फेटमध्ये सोडियम आत-बाहेर करता येते, हे दाखवले. परंतु १९९१ मध्ये सोनीची लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि वजनाने जड असलेला सोडियम मागे पडला.

१९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट पुढे आणले. लोह स्वस्त, शिवाय फॉस्फरस व ऑक्सिजन यांचा बंध बळकट, म्हणून पदार्थ उष्णतेला टिकाऊ. मग लिथियमच्या जागी सोडियम का घालू नये? अडचण रचनेची होती. रूढ पद्धतीने मिश्रण भाजले, की सोडियम आयर्न फॉस्फेट ‘मॅरिसाइट’ रूप धारण करते. त्यात सोडियमला वाहण्यासाठी मोकळा मार्गच उरत नाही.

त्यामुळे संशोधक व्हॅनेडियमकडे वळले. सोडियम व्हॅनेडियम फॉस्फेट सुमारे ३.४ व्होल्ट देते आणि पुनःपुन्हा भारित करूनही टिकते. हैदराबादच्या एआरसीआय संस्थेत त्यावर कार्बनचे आवरण चढवून त्याची विद्युतवाहकता वाढवण्याचे काम झाले. मात्र व्हॅनेडियम महाग आहे. २०१२ मध्ये दक्षिण कोरियात किसुक कांग यांच्या गटाने फॉस्फेट व पायरोफॉस्फेट यांची सांगड घालून लोहासाठी खुली रचना सादर केली. तिची सैद्धांतिक क्षमता दर ग्रॅमला सुमारे १२९ मिलिअँपिअर-तास आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटची १७०. मोटारीपेक्षा सौरऊर्जेच्या साठवणुकीला ही तडजोड अधिक मानवते, कारण तेथे वजनापेक्षा किंमत महत्त्वाची असते.

डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तेथील आयसर संस्थेच्या सहकार्याने विकसित केलेले सोडियम-आयन तंत्रज्ञान जाहीर केले. म्हणजे देशात हा विषय प्रयोगशाळेबाहेर पडू लागला आहे.

रायपूरच्या वाचकाला यातील लोह परके नाही. दल्ली-राजहराचे खनिज भिलाईच्या भट्ट्यांत जाते, सिलतऱ्यात स्पंज आयर्न तयार होते. पण खनिज म्हणजे बॅटरीचा पदार्थ नव्हे. शुद्ध लोहक्षार बनवण्याचा उद्योग त्यामध्ये हवा. फॉस्फेटची गोष्ट त्याहून नाजूक आहे. भारत रॉक फॉस्फेट बहुतांशी आयात करतो आणि त्यावर पहिला हक्क खताचा, म्हणजे शेताचा आहे. म्हणून ‘स्वस्त’ हा शब्द वापरताना मिठाबरोबर लोहाची शुद्धता आणि फॉस्फेटची आयात या दोन्ही गोष्टी हिशेबात धरल्या पाहिजेत.