शेततळे उपसण्यास किती वीज लागेल? थरांवरून काढा हिशेब

शेततळ्यातील सर्व पाणी सारख्याच उंचीवर उचलावे लागत नाही. वरचे पाणी काठाजवळ असते, तर तळाचे पाणी पूर्ण खोलीतून वर आणावे लागते. त्यामुळे पूर्ण खोली धरून वीजखर्च काढल्यास तो जास्त येतो. अचूक हिशेबासाठी पाण्याचे पातळ थर कल्पून प्रत्येक थराचे काम मोजावे व त्यांची बेरीज करावी. गणितात यालाच संकलन म्हणतात.

उदाहरण

शेततळे काठाशी ३० × ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार १:१, म्हणजे तळ २४ × २४ मीटर. पाणी काठापासून ४ मीटर उंचीच्या टाकीत टाकायचे आहे.

- सर्वांत वरच्या १ सें.मी. थरात सुमारे ९,००० लिटर पाणी. उचल ४ मीटर.
- तळाच्या १ सें.मी. थरात सुमारे ५,७६० लिटर पाणी. उचल ७ मीटर.

तळापासून 'उ' मीटर उंचीवर थराचे क्षेत्रफळ (२४ + २उ)² चौ.मी. आणि उचल (७ − उ) मीटर असते. या दोहोंच्या गुणाकाराचे उ = ० ते ३ असे संकलन केल्यास ११,८३५ येतात. त्यास ९,८१० ने (एक घनमीटर पाण्याचे न्यूटनमधील वजन) गुणल्यास सुमारे ११.६ कोटी ज्यूल काम मिळते. ३६ लाख ज्यूल म्हणजे १ युनिट. म्हणून सुमारे ३२ युनिट.

मोटर व पंपाची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरल्यास मीटरवर सुमारे ८१ युनिट पडतील. पूर्ण ७ मीटर उचल धरली असती, तर हाच आकडा १०५ आला असता. पाइपमधील घर्षणाचा खर्च यात धरलेला नाही.

सोपा ठोकताळा

या तळ्यात एकूण २,१९६ घनमीटर पाणी आहे व सरासरी उचल सुमारे ५.४ मीटर येते. तळे वर रुंद असल्याने काठापर्यंतची सरासरी उचल निम्म्या खोलीपेक्षा थोडी कमीच असते. त्यामुळे निम्मी खोली अधिक टाकीची उंची धरली, तरी वीजखर्चाचा अंदाज जवळपास बरोबर येतो.

पंप निवडताना

वीजखर्च सरासरी उचलीवर काढा, पण पंपाचे हेड सरासरीवर ठरवू नका. तळाचे पाणीही टाकीत पोहोचायला हवे. म्हणून ७ मीटर अधिक पाइप, बेंड व फूट व्हॉल्व्हमधील घर्षण धरूनच पंप निवडावा.