अनफॉर्च्युनेटली

‘दुर्दैवाने’ या अर्थाचे इंग्रजी क्रियाविशेषण. उच्चारात अक्षरे पाच : अन् – फॉर् – च – नट् – ली. आघात दुसऱ्या अक्षरावर.

घडण : गाभा लॅटिन, दोन्ही टोके अस्सल इंग्रजी. लॅटिन ‘फोर्तूना’ (दैव) पासून बनलेल्या ‘फोर्तूनातुस’वरून ‘फॉर्च्युनेट’ हे विशेषण आले. त्याला आधी नकारार्थी उपसर्ग ‘अन-’ लागला, मग ‘-ली’ हा प्रत्यय. हा क्रम उलट मानता येत नाही. ‘क्विकली’ (झटपट) आहे म्हणून ‘अनक्विकली’ होत नाही, कारण ‘अनक्विक’ हे विशेषणच रूढ नाही. नामाशीही हा उपसर्ग सहसा फटकून वागतो. ‘दुर्दैव’ म्हणायचे तर इंग्रजी ‘मिस-’ लावून ‘मिसफॉर्च्यून’ म्हणते.

‘अन-’ हा संस्कृत ‘अ-/अन्-’चा (अन्याय, अनर्थ) दूरचा भाऊबंद. संस्कृतात ‘न्’ स्वरापूर्वीच येतो. इंग्रजीत तो कायमचा. ‘अनटाय’ (गाठ सोडणे) मधला क्रियापदाला लागणारा ‘अन-’ मात्र वेगळ्या मुळाचा. ‘-ली’चे मूळ जुन्या इंग्रजीतील ‘शरीर, रूप’ या अर्थाच्या शब्दात आहे; ‘लाइक’ (सारखा) त्याच घरातला.

अक्षरविभागणी : अर्थाचे सांधे आणि उच्चाराचे सांधे इथे जुळत नाहीत. व्युत्पत्तीने तोडले तर ‘फॉर्च्युन’ आणि ‘-एट’ असे तुकडे पडतात. बोलताना ‘न’ पुढच्या स्वराला जाऊन चिकटतो आणि ‘नट्’ होते. ‘टी’ या वर्णानंतरच्या ‘यू’मुळे ‘ट’चा ‘च’ झाला आहे. भरभर बोलताना मधला स्वर गळून चारच अक्षरे उरतात : अन् – फॉर्च् – नट् – ली. दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण बोलीत ‘र्’ ऐकूच येत नाही.

मराठी बोलणारा पाचही अक्षरे जवळपास सारख्याच वजनाने उच्चारतो आणि स्पेलिंगला जागून ‘नेट’ असा ठसठशीत स्वर देतो. लिहिताना आणखी गंमत होते : उच्चारात ‘फॉर्’ला मिटवणारा ‘र्’ देवनागरीत रफार होऊन पुढच्या ‘च्यु’च्या डोक्यावर बसतो.

छपाईत ओळ तोडताना ‘अन’, ‘फॉर’, ‘टु’, ‘नेट’ यांनंतर संयोगचिन्ह चालते. टेक या अक्षरजुळणी प्रणालीत इंग्रजीसाठी तुटीनंतर किमान तीन वर्ण उरावेत असा संकेत असल्याने, स्पेलिंगमध्ये दोनच वर्णांचा असलेला ‘-ली’ तिथे एकटा खालच्या ओळीत जात नाही.